मावशीचा पाय

कॉलेजच्या भयपटाची सुरुवात आम्ही मावशीच्या शिवणाच्या खोलीत बसून, कपडे बेतायच्या तिच्याच खाकी कागदावर चौकटी काढून ठरवली. पहिल्या चौकटीत अंधारी खोली, दुसरीत एकटंच खडखडणारं शिलाई मशीन, तिसरीत पायडलवर बाईचा पाय. पाय अर्थातच मावशीचा.

“चेहरा दिसणारच नाही?” मावशी भडकली. “मग मेल्यांनो, मी एवढी नटले कशाला?”

तरी तिने पायडल आधी सावकाश, मग असं भरधाव मारलं, की आमचीच बोबडी वळली.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती फिल्म लावली, की मशीन सुरू होताच पाहुणे दचकतात. आई मात्र खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, “आवाज वाढव.”