तलावाच्या पाळीवरची विद्यार्थिनी

आसगावात मोबाइलला धड रेंज मिळते ती तलावाच्या पाळीवर, म्हणून ती रोज सकाळी तिथं येऊन बसायची. मी खालच्या थांब्यावर एसटीची वाट पाहायचो. बारावी होताच लग्न झालेली ही बाई मोबाइलवर एका मोठ्या विद्यापीठाचा फुकटचा संगणकाचा कोर्स करत होती. पडद्यावर सर आले की ती डोक्यावर पदर घ्यायची. सरांनी "समझ में आया?" विचारलं की मान हलवून "हो जी" म्हणायची.

"देशभरातले हजारो लोक शिकतेत यायच्याजवळ," ती एकदा कौतुकानं म्हणाली. "घर सोडा लागत नाही."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती दिसली नाही. नंतर एका सकाळी आली, पण मोबाइल बंद करून नुसती पाण्याकडं पाहत बसली. मी विचारलं, "आज सर नाहीत?"

"आहेत ना जी. रोवणीत मी मांगं पडली. काल सांजच्याले इथंच त्यायनं इचारलं, तं पहिल्यांदाच नाही म्हटलं. मले मालूम हाये, त्यायले आयकू जात नाही. तरी तोच व्हिडिओ परत लावला, परत नाही म्हटलं. दोन्ही येळा सर तसेच हासले अन् पुढं गेले."