तिच्या पातीचं गाणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कवडी काढणं. बोंडअळीनं खाल्लेलं बोंड नीट उमलत नाही. ते तसंच तोडून घरी आणायचं, ओट्यावर बसून फोडायचं आणि आतला पिवळा पडलेला, चिकटलेला कापूस नखानं ओढून काढायचा. तीच कवडी. बाजारात तिला कोणी विचारत नाही, पण फेकवतही नाही. माझ्या बायकोच्या मांडीवर बोंडांचं टोपलं होतं, माझ्या पुढ्यात दुसरं. खुंटीला छोटा स्पीकर टांगलेला, त्यात पेनड्राइव्ह, आणि गाणी चालू.

मग गाण्यांत तिची पाळी आली. स्पीकरमधून नुसती पंख्याची घरघर यायला लागली. ती त्यावर स्वतःच्या तोंडानं गायची. त्या संध्याकाळी अळीवर जोडलेलं म्हणाली:

अळीबाई वं अळीबाई, बोंडात जाऊन बसली,
धन्याच्या आंधी तूच कशी घरात घुसली.

दोन ओळी म्हणून थांबली. "आज घसा बसला. पुढचं तुमी म्हना."

"मी काय बाई हाव का?" मी म्हणालो.

"बाई असते तं बरं झालं असतं. वेचाले तरी आले असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बांधावर खाली बसली ती उठली नाही. जीपमध्ये घालून चिखलीला नेत होतो, वाटेतच गेली. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली नस फुटली. तेराव्यापर्यंत लोक येत राहिले. जो तो म्हणे, सुटली बिचारी. कशातून सुटली बे? माझ्यातून? एकाला मी तसं विचारलंच. तो चहा तसाच ठेवून गेला. जाऊ दे.

मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही. पण त्या पेनड्राइव्हमध्ये गाणी कशी लावायची ते तिनं ठरवलं होतं, आणि ते मला आधी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या वावरात कापूस वेचायला त्याच त्या बाया यायच्या. पलीकडची चाची, बौद्धवाड्यातली अक्का, माझी भावजय, गल्लीतली एक नवी सून, आणि माझी बायको. प्रत्येकीला आपापल्या दोन ओळी वेचायच्या, तिला आम्ही पात म्हणतो. स्पीकर आणला तेव्हा पहिल्याच दिवशी भांडण. चाचीला कव्वाली पाहिजे, अक्काला भीमगीत, भावजयीला भजन, सुनेला सिनेमाचं. कापूस राहिला झाडावर, बाया उभ्या एकमेकींच्या अंगावर.

माझ्या बायकोनं निकाल दिला. बांधाकडून ज्या पाती, त्याच क्रमानं गाणी. पात जिची, गाणं तिचं. एकदा पाळी झाली की पुन्हा पहिलीपासून. मग ती पेनड्राइव्ह पदराला बांधून एसटीनं देऊळगाव राजाला गेली आणि गाणी भरून देणाऱ्या मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसली. मी दारात उभा होतो. दुकानदार मेटाकुटीला आला.

"मावशी, हे लग्नाचं गाणं आत्ताच टाकलं ना? पुन्हा काऊन?"

"ते जावेचं होतं. हे सुनेचं हाय."

"गाणं तं एकच हाय!"

"बाया दोन हायेत ना. तू भर."

भावजय आणि ती सून, दोघींना एकच गाणं आवडायचं आणि दोघीही हटायला तयार नव्हत्या. म्हणून ते सगळीकडे दोनदोनदा होतं. शेवटी स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणाली, "माह्या पातीले काई टाकू नको. पन एका गान्याएवढी जागा ठेव. मी सोता म्हनीन." दुकानदारानं कपाळाला हात लावला. मग मोबाइल टेबलावर ठेवून नुसतीच शांतता भरली. त्यात त्याच्या पंख्याची घरघर आली. ती तशीच राहिली. वावरात ती घरघर सुरू झाली की बाया म्हणायच्या, चला, मालकीणबाई सुरू झाल्या.

आता पोराचं सांगतो. एकुलता एक, पुण्याला कंप्युटरवर नोकरी. तेराव्यापर्यंत राहिला, खांदा दिला, सगळं केलं, नाही म्हणत नाही. दुसरी वेचणी तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरली होती. आदल्या संध्याकाळी त्यानं मला लॅपटॉपपुढं बसवलं.

"बाबा, एक काम केलं तुमच्यासाठी. मायच्या मोबाइलचं कार्ड, तुमचा पेनड्राइव्ह, माझ्या हार्डडिस्कवरचे सगळे गाणे, सगळं एकत्र केलं. हजारो गाणे हायेत आता. आणि नीट लावले. हे पाहा."

पडद्यावर पिवळ्या पेट्या होत्या. तो वाचत गेला. भक्तिगीतं. भीमगीतं. कव्वाली. सिनेमा. लग्नाची गाणी. आत सगळं अ-आ-इ-ई प्रमाणं.

मी पाहत राहिलो. ज्या बाया एका रांगेत उभ्या राहून वेचत होत्या, एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या, त्या यानं वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बसवल्या. चाची एका खोलीत, अक्का दुसऱ्या खोलीत. वर पाट्याही लावल्या.

"डबल होते ते उडवले," तो म्हणाला. "लई होते बाबा. एकच गाणं किती वेळा! कंप्युटर सोता शोधते अन् एक ठेवून बाकीचे काढून टाकते."

"घरघर कुठं हाय?"

"कोनती घरघर?"

"पंख्याची."

"ती खराब फाइल? तिच्यात काईच नव्हतं, नुसता आवाज. उडवली."

"परत आन."

"येत नाई बाबा. पेनड्राइव्ह साफ करूनच भरला. अन् कार्डातही ती नव्हती."

मी लॅपटॉप मिटला. जोरातच मिटला. काच तडकली का काय झालं मला माहीत नाही आणि तेव्हा पर्वाही नव्हती.

"बाबा! तुमाले खूश करायचं होतं मले!"

"खूश कराले मी लेकरू हाव का बे? इचारलं का तू मले? एकदा तरी इचारलं?"

"मले कसं मालूम असनार—"

"म्हनूनच इचाराचं असते!"

माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण भावजय दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

मला हा राग नवा नाही. पाकिटातलं नवं बी आलं तेव्हाही असंच न विचारता सगळं नीट लावून दिलं होतं. या बियाला अळी लागतच नाही म्हणाले. काही वर्षं नाही लागली, खोटं कशाला बोलू. आम्ही घरचं बी ठेवायचं सोडलं. मग गुलाबी अळी आली, बोंडाच्या आत, बाहेरून दिसायचीही नाही. बी विकणारा म्हणाला, बी चांगलंच आहे, तुमची पेरणी चुकली. गाडीतून आलेला साहेब म्हणाला, दोन वेचण्यांत झाडं उपटून टाका, पुढं ठेवू नका. माझ्या वावरात उभा राहून मलाच सांगत होता. पूर्वी संक्रांतीच्या पुढंही बाया यायच्या, गाणी म्हणायच्या. आता सगळ्यांनी मिळून आमचा हंगाम तोकडा केला आणि त्याला नीट शेती म्हणतात. आणि आता पोटचं पोरगं तेच करून राह्यलं, डबल होते ते उडवले म्हणते.

पोरगा ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मी त्याला उठवलं नाही. जेवायलाही बोलावलं नाही. पण त्यानंच दोन ताटं वाढली आणि एक माझ्यापुढं सरकवलं. मग त्याला सांगितलं. पाती कशा, पाळ्या कशा, एकच गाणं दोनदा कशाला, आणि ती घरघर कोणाची. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मायनं मले कदी सांगतलं नाई."

"तू फोनवर इचारायचा, कसं हाय. ती म्हने बरं हाय."

सकाळी मी त्याला उठवलं. "तो डबा घे कंप्युटरचा. चाल."

वावरात बाया आल्याच होत्या. मी त्याला बांधावर बसवलं, लॅपटॉप मांडीवर. बायांना म्हणालो, आपापल्या पातीवर उभ्या राहा आणि यानं घोळ केला तो दुरुस्त करून द्या.

चाची पहिल्या पातीवर होती. "बेटा, पह्यलं माह्यं. ती दर्ग्याची कव्वाली. अन् आवाज बारीक करू नको, मले आइकू येत नाई."

"त्याच्यामांगं माह्यं," अक्का म्हणाली. "अन् भाऊ, आमची येगळी पेटी केली म्हने तुवा? मोड ते. मी चाचीच्या मांगंच ठीक हाव."

भावजयीनं लग्नाचं गाणं सांगितलं. पलीकडून सून म्हणाली, "मलेही तेच."

पोरानं दोघींकडं पाहिलं. मग मुकाट्यानं तेच गाणं दुसऱ्यांदा टाकलं. भावजय म्हणाली, "पाह्यलं? पुन्याचं शिक्षन आता कामी आलं." बाया हसल्या. तोही हसला. मला हसू आलं नाही.

मग शेवटची पात आली. तिच्यावर कोणी नव्हतं. बाया माझ्याकडं बघायला लागल्या. खुंटीवरून तिची वेचणीची झोळी मी येतानाच घेतली होती. ती मी कमरेला बांधली. कापूस वेचणं बायांचं काम, आमच्याकडं गडी वेचत नाहीत. गाठ मला नीट बसेना.

"भाऊजी, येते का येचाले?" भावजय म्हणाली.

"नाई येत," मी म्हणालो.

पोरानं बांधावरून विचारलं, "बाबा, मायच्या पातीले काय टाकू?"

"काई नको. मोबाइल काढ अन् एका गान्याएवढी जागा भर."

"इथंच?"

"इथंच. अन् तुमी सगळ्या तोंडं मिटा."

त्यानं मोबाइल पुढं धरला. बाया गप्प झाल्या. वारा होता तेवढाच. मी वाकलो आणि पहिलं बोंड धरलं. आत अळी होती, गुलाबी, पोसलेली. शिवी ओठापर्यंत आली, ती गिळली. अळी नखाखाली चिरडली, उरलेली कवडी ओढून झोळीत टाकली आणि दुसऱ्या बोंडाला हात घातला.