एलीहिओचा मंद शॉर्टस्टॉप

साखर कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा एलीहिओ रेनोसो एकेचाळीस वर्षांचा होता. उसाच्या गाड्या तोलणं आणि बेसबॉल, याखेरीज त्याला काही येत नव्हतं. गाड्या यायच्या बंद झाल्या. मग कोन्सुएलो गावाबाहेरच्या एका पडीक तुकड्यातले दगड वेचून त्याने मैदान केलं आणि पोरांना शिकवायला घेतलं. पोरगा तयार करायचा, अमेरिकन क्लबच्या माणसांना दाखवायचा, त्यांनी करार केला की आपला वाटा घ्यायचा. असे मास्तर त्या भागात ढिगाने होते. पोरं त्याला 'प्रोफे' म्हणायची, म्हणजे मास्तरच.

एलीहिओ पोरांना आधी जेवू घालायचा, मग पळवायचा. बायको नेरेइदा सकाळी टोपभर कच्ची केळी उकडून कुस्करायची, वर परतलेला कांदा घालायची. "खेळाडू मी घडवते," ती शेजारणींना सांगायची, "हा नुसता शिट्टी वाजवतो."

येफेर्सन चौदाव्या वर्षी आला. शॉर्टस्टॉप व्हायचंय म्हणाला. सगळेच तसं म्हणतात, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या त्या जागेवर सगळ्यांचे डोळे असतात. पोराची फेक गोळीसारखी होती, हातात आलेला चेंडू सुटत नव्हता. पण पळायला लागला की एलीहिओ मान फिरवायचा.

"साठ यार्डांना आठ सेकंद," एलीहिओ म्हणाला.

"घड्याळ बिघडलंय, प्रोफे."

"घड्याळ नवं आहे. तू कॅचर हो. फलंदाजामागे बसून चेंडू झेल."

"गुडघे मोडून बसायचं आणि अंगावर चेंडू खायचे? आई म्हणते माझा चेहरा चांगला आहे."

"म्हणून तर त्याला जाळी देतात."

पोरगा ऐकेना. तेव्हा एलीहिओने सरळ थाप मारली. उकिडवं बसून रोज शंभर चेंडू झेलले की मांड्या भरतात आणि वेग वाढतो, असं त्याने सांगितलं. येफेर्सनने वर्षभर इमानाने झेलले. मांड्या भरल्या. वेग होता तिथेच राहिला.

मग एका क्लबचा कारास्को नावाचा माणूस आन्येलोला बघायला आला. आन्येलो म्हणजे एलीहिओचा उंच, डावखुरा पिचर, चेंडू टाकणारा. नेमका त्याच सकाळी त्याच्या रोजच्या कॅचरला डेंग्यू झाल्याचा निरोप आला.

"आजच्या दिवस तू बस," एलीहिओ येफेर्सनला म्हणाला.

"आजच्याच दिवस?"

"आजच्याच."

आन्येलोचे हात घाबरून ओले झाले होते. पहिले सहा चेंडू मातीत पडले. येफेर्सनने सहाच्या सहा छातीवर घेतले, मग उठून सावकाश त्याच्यापाशी गेला आणि कानात काहीतरी बोलला. दोघंही हसले. सातवा चेंडू असा आला की कारास्कोने वेग मोजायचं यंत्र पुन्हा तपासलं. थोड्या वेळाने पहिल्या बेसवरचा पोरगा दुसऱ्या बेसकडे चोरून पळाला. येफेर्सनने गुडघ्यांवरूनच चेंडू फेकला आणि तो बाद झाला.

कारास्कोने यंत्र खाली ठेवलं. "हा कोण?"

"आमचा शॉर्टस्टॉप."

"पळतो कसा?"

"ते विचारू नकोस."

कारास्कोने पोरालाच जवळ बोलावलं. "पिचरला काय सांगितलंस रे?"

"म्हटलं, आज नेरेइदाबाईंनी कोंबडी केलीय. आवर लवकर."

दोघांचेही करार झाले. त्या संध्याकाळी एलीहिओने मांड्यांची थाप कबूल केली. येफेर्सनने आपल्या मांड्यांकडे बघितलं. "म्हणजे मी कधीच वेगाने पळणार नव्हतो?"

"कधीच नाही."

"आईला सांगू नका. ती अजून वाट बघतेय."

दोघं क्लबच्या तिथल्याच अकादमीत गेले. सकाळी खेळ, दुपारी इंग्रजी, संध्याकाळी वजनं. आन्येलोचा खांदा दोन वर्षांत गेला. तो घरी आला आणि मोटारसायकली दुरुस्त करू लागला. एलीहिओ त्याच्या दुकानात बसला आणि त्याला पाने उचलून देत राहिला. शेवटी आन्येलोनेच दोघांसाठी कॉफी मागवली. येफेर्सन अमेरिकेत सात वर्षं खेळला. सगळ्यात वरच्या लीगपर्यंत तेवढा पोचला नाही. मग क्लबने त्याला त्याच अकादमीत पोरांना कॅचिंग शिकवायला ठेवलं. इंग्रजी बोलताना तो आता खांदे उडवतो, यावर नेरेइदा पोट धरून हसते.

एलीहिओलाही क्लबने कामावर घेतलं. मोटारसायकलवरून ऊसवस्त्या फिरायच्या, पोरं बघायची, कागद भरून पाठवायचा. त्याच्या कागदांवर कारास्को वैतागायचा.

"उंची लिही, वजन लिही. 'आईशी बोललो, बाई समजूतदार आहे' हे कशाला?"

"पोरगा घर सोडून जाणार. मागे कोण आहे ते कळायला नको?"

कारास्कोने ती ओळ दोन वर्षं खोडली. तिसऱ्या वर्षी एलीहिओ घाईत ती लिहायला विसरला, तर कारास्कोचा फोन आला.

"आईचं काही लिहिलं नाहीस? भेटली नाही का?"

"भेटली," एलीहिओ म्हणाला. "लिहून घे, सांगतो."