लातूरचे पाहुणे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्ही परके, म्हणून कदाचित... पण नको. कारणं द्यायला बसले की मी लगेच स्वतःची बाजू घ्यायला लागते.

शिवकांता आणि मी नांदेडला एकाच कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो. ती मुखेडची, शिकायला मामाकडे राहिलेली. नेम असा, की बॉल रिंगला न शिवता जाळीतून जायचा. आणि एखाद्या दिवशी समोरून टाकलेला साधा बॉलही जायचा नाही. पोरगी लहरी आहे, सर म्हणायचे. लहरी! सरावात रोज तिला अडवायला मीच उभी असायचे, मला ठाऊक नव्हतं होय? बघणाऱ्यांत ओळखीचं कुणी दिसलं की तिचे हात गार पडायचे. ती सलवार घालून खेळते असं घरी वाटायचं आणि ही खेळायची हाफ पँटवर. चांगलं स्थळ येईपर्यंत खेळ, पण घराण्याला नाव ठेवू देऊ नको, असं मामांनी बजावलेलं. हे तिनंच मला सांगितलं होतं. विश्वासानं.

लातूरला विभागाच्या संघाची निवड होती. एकच जागा उरलेली, तिला किंवा मला. आम्हाला समोरासमोर खेळवलं आणि तिनं मला रडकुंडीला आणलं. मी डावीकडे जावं तर ती उजवीकडून पसार. काय करायला हवं होतं मी? हरायला हवं होतं. माणसं हरतात की!

त्याच दिवसांत तिला लातूरचं एक स्थळ आलं होतं, बोलणी चालू होती. आम्ही खेळत होतो तेव्हा मैदानाच्या दाराशी दोन माणसं उभी होती — कोण, देव जाणे. मी तिला चिकटले आणि कानाशी म्हणाले, "अगं, लातूरचे पाहुणे आलेत. तुलाच बघून राहिलेत."

तिनं वळून पाहिलं. बॉल मी काढून घेतला. त्यानंतर तिचा एकही बॉल जाळीत पडला नाही. एका हातानं ती सारखी पँट खाली ओढत होती. मला पुन्हा बोलावंही लागलं नाही. नुसती जवळ सरकले तरी पुरायचं. आणि — हेही सांगते — मला मजा आली.

निवड माझी झाली. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. समोरच्याला कसं अडवायचं, ते आता मी पोरींना शिकवते.

लातूरच्यांनी नंतर काही कळवलंच नाही. होतं असं. पण शिवकांतानं खेळ सोडला आणि पुढच्या पहिल्याच स्थळाला हो म्हणाली. का, ते मी विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती मुखेडच्या स्टँडवर भेटली. किल्लारीकडे दिलीय तिला. नवरा मारतो, हे तिनं हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग म्हणाली, "त्या पाहुण्यांनी मला तसल्या कपड्यात बघितलं, म्हणून ते स्थळ गेलं. घरी अजून न्हाई सांगितलं म्या. मग दुसऱ्याला नको कोणत्या तोंडानं म्हणू? तू तरी सावध केलंस. लई जीव लावलास गं."

गाडीला वेळ होता. सांगायचं असतं तर भरपूर वेळ होता.

"मैत्रिणीनं नाही सांगायचं तर कुणी?" मी म्हणाले.

तिनं माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.