कळकलेली माती

माती चाखणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला.

सत्तरच्या दशकात मी माती तपासायची पेटी घेऊन सांगलीच्या आसपासच्या शेतांवर फिरायचो. शहरातल्या गटारांचा वाळवलेला गाळ खत म्हणून घाला, असं तेव्हा आम्ही शेतीखात्याची माणसंच सांगत असू. पालकाच्या वाफ्यातून एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं मला हाक मारली. त्यानं दोन वर्षं तो गाळ घातला होता. चिमूटभर माती जिभेवर ठेवून तो डोळे मिटून उभा राहिला, मग थुंकला आणि धोतराच्या सोग्यानं जीभ पुसली.

"सायेब, ही माती कळकलीया. कल्हई गेलेल्या भांड्यातल्या ताकागत लागती."

मला हसूच आलं. माझ्या पेटीत नत्र, स्फुरद आणि पालाश तपासायच्या बाटल्या होत्या. तिन्ही भरपूर निघाले. मी चिठ्ठीवर 'जमीन उत्तम' असं लिहून दिलं, वर आणखी दोन गाड्या गाळ टाकायला सांगितला.

चिठ्ठीची घडी जपून खिशात ठेवत तो म्हणाला, "तुमी लिव्हलंय म्हंजे माझीच जीभ म्हातारी झाली असंल."

पुढं माझी साताऱ्याला बदली झाली. तिथं वाचनात आलं, की मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी गटारात गेलं, की तांबं, जस्त, कॅडमियम गाळात उतरतं आणि मातीतून पालेभाजीत चढतं. माझ्या पेटीत त्यांची बाटलीच नव्हती.

साताऱ्याहून सांगलीची एसटी रोज सुटायची. गाळ थांबवा, जीभ तुमचीच खरी होती, एवढंच सांगायचं होतं. मी एकदाही बसलो नाही.