पालथं घातलेलं ताट

सव्वाआठ रुपयांसाठी मी एका बाईविरुद्ध पत्रक काढलं होतं. ती खाणावळ चालवायची, विधवा होती, तिला वाचता येत नव्हतं, आणि ते पत्रक मी तिच्याच दारावर चिकटवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कोणाला व्हायला नको.

हिंगणघाटच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी तेव्हा काट्यावर बाबू होतो. गाड्यांतून आलेला कापूस तोलला की वजन वहीत मांडायचं, एवढंच काम. तो काटा शेतकऱ्याला वजनात मारतो हे एका हमालाने मला दाखवून दिलं. दिसूनही गप्प बसणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. मी पत्रक काढलं. ते निघालं त्याच दिवशी हमालाला कामावरून काढलं. मी बिनपगारी रजा टाकली आणि अकरा दिवस वडनेरच्या बाजूला गावोगाव पत्रकं वाटत फिरलो. परत आलो तर चौकीदार मला फाटकातून आत सोडेना. मुनीमजींना कारण विचारलं.

"कारण तुम्हीच छापून वाटलं ना बाबू?" ते म्हणाले. "आम्ही अजून काय लिहून देऊ?"

नोकरी शोधायला लागलो. आर्वी तालुक्यात रोहण्याच्या शाळेत मास्तरची एक जागा होती. सोमवारी मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन हजर व्हा, असं पत्र आलं. सर्टिफिकेट माझ्या ट्रंकेत होतं, ट्रंक मी जेवायचो त्या खाणावळीच्या मागच्या खोलीत, आणि खोलीला खाणावळवाल्या मावशीचं कुलूप. माझ्याकडे तिचे सव्वाआठ रुपये निघतात, ते दिल्याशिवाय ट्रंक मिळणार नाही, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, एक पैसा निघत नाही.

तिथली रीत अशी. प्रत्येकाचं स्वतःचं पितळी ताट, काठावर नाव कोरलेलं. गावाला जायचं असलं की ताट फळीवर पालथं घालून जायचं. पालथ्या ताटात मावशी वाढत नसे आणि त्याचे पैसेही लावत नसे. वडनेरला निघालो त्या सकाळी मी माझं ताट पालथं घातलं होतं, पक्कं आठवत होतं. आलो तेव्हा ते सुलटं होतं, आणि माझ्या नावावर अकरा दिवसांची बावीस जेवणं, सहा आण्यांच्या दराने.

पंगत बसलेली असताना मी विषय काढला. मुद्दामच.

"मावशी, मी गावात नव्हतो. मग जेवलं कोण?"

"तुह्या ताटात वाढलं म्या."

"ताट जेवते काय?"

पंगत हसली. मावशी वरणाचा पळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुले माहीत नाई, कोण जेवलं ते?"

"मला काय माहीत असणार!"

"मंग ठीक आहे. पैसे दे न् ट्रंक ने."

ती नजर मला चोराची वाटली. शेजारी रेल्वेतला एक फिटर जेवायचा, त्याला चेव आला. "लिही बे पत्रक! जिनवाल्याले सोडलं नाईस, हिले काऊन सोडतं?"

सांगायची गरज नव्हती. कार्बन घालून वीस प्रती हाताने लिहिल्या. 'खाणावळीतील लूट! पालथे ताट सुलटे कोणी केले? जाहीर उत्तर द्या!' खाली एका बेकार तरुणाच्या घासावर डोळा ठेवणाऱ्या वृत्तीबद्दल दोन परिच्छेद. एक प्रत दारावर, बाकीच्या पंगतीत. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपली ताटं उचलली आणि स्टेशनजवळच्या खाणावळीत गेले. उरलेले मावशीशी पोळी मोजून घ्यावी तसे बोलू लागले. मी एका मित्राच्या ओसरीवर फुटाणे खाऊन दिवस काढत होतो. पत्रकाने काम केलं म्हणून खूष होतो.

रविवारी दुपारी तिचा निरोप आला, मागच्या दाराने ये. ती अंबाडीची पानं खुडत बसली होती.

"बस. त्या कागदावर काय लिवलं, ते मले वाचून दाखव."

मी वाचलं. सभेत वाचतो तसं खणखणीत सुरुवात केली, पण समोर एकच बाई, आणि तिचा हात पानं खुडायचा थांबत नव्हता. 'घासावर डोळा' येईपर्यंत माझा आवाज बसला होता.

"जाहीर म्हंजे सगळ्यांसमोर ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणून तं देत नाई बाप्पा." तिने देठ बाजूला केले. "तो हमाल, समुद्रपूरकडचा गोंड, तुले काट्याचं सांगे तो. तू गेला त्या दिवशी मागच्या दारी आला. म्हणे, बाबूनं सांगतलं, काम लागेपर्यंत माह्या ताटात जेव, पैसे मी देईन. म्या तुहं ताट सुलटं केलं. अकरा दिवस इथी चुलीपाशी जेवला. मंग जाम गावाले टरक भराचं काम लागलं, तवा गेला."

मला फाटक आठवलं. हमालाला काढलं ती संध्याकाळ. भोवती दहाबारा माणसं होती, मला बोलण्याचा भर आला होता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी अगदी हेच म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते. पण सकाळी उठलो, सवयीने ताट पालथं घातलं आणि वडनेरच्या रस्त्याला लागलो. आपल्या बोलण्यावर एक माणूस जेवणार आहे, हे डोक्यातून साफ गेलं होतं.

"मले वाटलं, नोकरी गेली म्हणून तू शब्दाले मुकरून राह्यला," मावशी म्हणाली.

"मग पंगतीतच का नाही सांगितलं?"

"अन् सांगतलं असतं, गोंड जेवला तुमच्या ताटांमंधल्या ताटात, तं? तो फिटर पह्यले उठला असता. सारी ताटं एकाच राखेनं घासते मी. उद्या कोण येईन माह्याकडे जेवाले?"

माझ्या सगळ्या पत्रकांत माणसामाणसांतल्या भेदावर ओळी असत. तिच्या स्वयंपाकघरात तो भेद अकरा दिवस मोडला गेला होता, आणि ते झाकून ठेवलं म्हणून मी तिला लुटारू ठरवलं होतं.

"मी दुसरं पत्रक काढतो," मी म्हणालो. "सगळं खरं लिहितो."

"नोको रे बाप्पा! कागद नोको आता!"

कागद नाही, तर तोंड होतं. संध्याकाळी पंगतीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, चूक माझी आहे, सव्वाआठ रुपये मी देणं लागतो.

"मंग जेवलं कोण?" फिटरने विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"अस्सं! किती दिवसाचं फुकट जेवण ठरलं बे?"

सगळे खो खो हसले. मुनीमाला, चौकीदाराला, वडनेरच्या पाटलाला तोंडावर उत्तर दिलेला मी, मान खाली घालून उभा राहिलो. त्या फिटरला काय सुनवायचं ते ओठांवर होतं. गिळलं. दारावरचा कागद नखांनी खरवडून काढावा लागला.

सोमवारी पहाटे मावशीने कुलूप काढलं, सर्टिफिकेट घेऊ दिलं आणि खोलीला पुन्हा कुलूप लावलं. "ट्रंक राहू दे. पगार झाला की नेजो."

"मावशी, या लोकांना एक दिवस सांगावंच लागेल."

"सांगजो. त्या दिवशी माह्या घराचं भाडं कोण देईन, तेबी ठरवून येजो."

मला तिचा राग आला, फिटरचा आला, आणि गप्प बसलो म्हणून स्वतःचाही. तो अजून गेलेला नाही. मी त्या पंगतीला सांगायला हवं होतं असं आजही वाटतं. पण त्याची किंमत मी भरणार नव्हतो, ती भरणार होती.

शाळेत जागा मिळाली. दुसऱ्या पगारानंतर हिंगणघाटला गेलो. सोडून गेलेले दोघे परत आले नव्हते. मी सव्वाआठ रुपये पुढे केले. मावशीने मोजले आणि दोन रुपये परत दिले.

"तो येऊन गेला जामहून," ती म्हणाली. "कोणतरी त्याले तुह्या कागदाचं सांगतलं. दोन देऊन गेला. बाकीचे देतो म्हणे हळूहळू."

"त्याचे परत कर. सगळे मीच देणार. शब्द माझा होता."

"परत करू? त्याले काय सांगू, बाबूले तुहे पैसे चालत नाई म्हणून?"

मी दोन रुपये खिशात टाकले. आता ते मी त्याचं देणं लागत होतो. ट्रंक खांद्यावर घेतली आणि जामची गाडी कुठून सुटते ते तिला विचारलं.