बेहड्यातली बाळंतीण

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण अहेरीपुढच्या आमच्या नाक्यापर्यंत अजून धड रस्ता आला नव्हता. नवरा जंगल खात्यात नाकेदार. तिथल्याच कुडाच्या खोलीत, भर उन्हाळ्यात, मी पहिल्यांदा बाळंत झाले. बाहेर ऊन, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दाराला गोणपाट. सव्वा महिना बाहेर पाऊल टाकायचं नाही. कंबर तर अशी धरली होती की कूस बदलताना माय आठवायची. जीव नुसता आंबून गेला होता.

करमणूक एकच. कुडाला फट होती, तीतून अंगणापलीकडचा बेहडा दिसायचा. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालून बसली होती. तिनं आतून ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं, चोच बाहेर येईल एवढी चीर तेवढी ठेवलेली. नर दिवसभर नदीकाठची उंबरं आणायचा. अंग काळं कुळकुळीत, पोट पांढरंफेक, आणि चोच? अगंबाई, काय ती चोच! पिवळीधम्मक, पिकल्या केळ्यासारखी, वर आणखी शिंगासारखं टोपण. उडाला की पंखांचा असा आवाज व्हायचा की बाळ दचकायचं. "मेल्या, हळू ये ना," मी म्हणायची. गळ्यातून एकेक उंबर काढून तो चिरेत द्यायचा. माझ्या नवऱ्यानं मला पाण्याचा गडवा तरी हातात दिला असेल तर शपथ! हेवा वाटायचा मला तिचा, खरंच सांगते.

एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी सासू बाटलीतलं तेल कोमट करून माझ्या कंबरेला चोळायला बसली. हात मायेचा होता, नाही म्हणणार नाही.

"बाळंतिणीच्या कमरेले धनेशाच्या चरबीवानी औषध नाई," ती म्हणाली. "गावातल्या शिकाऱ्याले कवाची सांगून राह्यली होती."

मग पदराखालून त्याची चोच काढून तिनं चौकटीला बांधली, बाळाला नजर लागू नये म्हणून.

मी तिचा हात झिडकारला आणि रडायला लागले.

"काऊन वो, रडून राह्यली? तुह्याचसाठी केलं ना!"

"बाई, त्याची मादी ढोलीत हाये. तिले आता कोन खाऊ घालन?"

सासूनं कुडाच्या फटीकडं बघितलं. "मले का माहीत," ती पुटपुटली. माझ्या नवऱ्याला उंबरं देऊन झाडावर तिनंच पाठवलं. बेहडा सरळसोट, कवेत न मावणारा. शिडी निम्म्यापर्यंतही पोचेना. "नाई जमत," म्हणत तो परतला, जेवला आणि झोपला. दिवसभर जंगल तुडवून आलेला माणूस, त्याला तरी काय बोलणार?

सकाळी सासू नदीवर गेल्यावर मी विटाळ-फिटाळ न जुमानता बेहड्याखाली गेले. पाचोळा वाजला तशी चिरेतून चोच बाहेर आली. उघडली. जरा हलले की मिटून पुन्हा उघडायची. माझ्या हातात काही नव्हतं, आणि असतं तरी वर पोचलं नसतं. पान्हा फुटून चोळी भिजली, तेव्हा आत बाळ रडत असेल म्हणून परत फिरले.

फटीतून ती चोच आणखी काही दिवस दिसत राहिली. मग एका दुपारी मी उठून ती फट शेणानं लिंपून टाकली.

आणि कंबर? त्या तेलानं खरंच बरी झाली, मेली. एवढी म्हातारी झाले, पण पुन्हा कधी दुखली नाही.